मुखपृष्ठावर हिंदूराव, शेवटच्या तबकडीत दिगू : निळू फुले यांच्या चार चित्रपटांचा संच

निळू फुले यांच्या चार चित्रपटांचा डीव्हीडी संच गेल्या महिन्यात घेतला आणि तीन आठवड्यांत सगळे चित्रपट क्रमाने पाहून काढले. संचात 'एक गाव बारा भानगडी' (१९६८), 'पिंजरा' (१९७२), 'सामना' (१९७५) आणि 'सिंहासन' (१९७९) आहेत, शिवाय चार पानांची एक माहितीपुस्तिका आहे. संच घ्यावा, असे मी आधीच सांगून टाकतो, कारण 'सामना' आणि 'सिंहासन' लागोपाठ पाहण्याची संधी सहसा मिळत नाही. मात्र निळूभाऊंवर चित्रपटसृष्टीने आयुष्यभर जो अन्याय केला, तोच या संचाच्या निर्मात्यांनी पुन्हा एकदा केला आहे, आणि तक्रार आहे ती त्याबद्दल.

मुखपृष्ठापासूनच सुरुवात होते. तेथे 'सामना'मधला हिंदूराव आहे : पांढरी टोपी, तिरका कटाक्ष, ओठांच्या कोपऱ्यात दबलेले हसू आणि खाली ठळक अक्षरांत 'खलनायक' हा शब्द. मागच्या बाजूला नकलाकारांनी घासून गुळगुळीत केलेला 'वाड्यावर'चा संवाद छापला आहे. चारही चित्रपट मी लक्ष देऊन पाहिले आणि हा संवाद मला त्यांत कुठेही ऐकू आला नाही. ज्या माणसाने पाटील, सरपंच, सावकार आणि कारखान्याचे चेअरमन अशा ठरावीक चौकटीत राहूनही प्रत्येक वेळी वेगळा माणूस उभा केला, त्याची ओळख एका नकलेवर आणून ठेवणे मला फार लागले.

पुस्तिकेत त्यांच्या आधीच्या आयुष्याला जेमतेम एक वाक्य मिळाले आहे. खरे तर तेथेच सगळे बीज आहे. १९३० साली जन्मलेले निळूभाऊ भंगार लोखंड आणि भाजी विकून गुजराण करणाऱ्या घरातले. कोवळ्या वयात ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागले. पगार महिन्याला ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढावी हे त्यांचे स्वप्न होते, पण भांडवल नव्हते. सेवा दलाच्या कलापथकात त्यांचा अभिनय घडला, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले आणि अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मधून ते पडद्यावर आले. पगाराचा आठवा हिस्सा समाजवादी संघटनेला देणाऱ्या या माळ्याला पुढे सत्ता आणि जमीन यांनी माजलेला माणूस म्हणूनच महाराष्ट्राने ओळखावे, हे पुस्तिका लिहिणाऱ्याच्या लक्षात यायला हवे होते.

पहिल्या तबकडीवरचा 'एक गाव बारा भानगडी'मधला त्यांचा झेलेअण्णा पाहताना ही चौकट कशी तयार झाली ते कळते. लोकनाट्यात हजारो माणसांसमोर उभे राहून कमावलेली शब्दफेक, वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याला ते पूर्ण करायला लावण्याची लकब, हे सारे येथे पहिल्याच कामात पक्के झालेले दिसते. प्रेक्षकांना ते इतके आवडले की निर्मात्यांनी पुढे दुसरे काही मागितलेच नाही. गावोगावी बाया त्यांना पाहून शिव्या घालत आणि निळूभाऊ ती कामाची पावती मानत. मला मात्र त्या पावतीसाठी त्यांना मोजावी लागलेली किंमत फार मोठी वाटते. १९८४ साली हिंदीत 'सारांश' आला, तेव्हाही त्यांच्या वाट्याला गजानन चित्रे हा दांडगा पुढारीच आला.

'पिंजरा' संचात का घेतला ते मला समजले नाही. चित्रपट मोठा आहे, यात शंका नाही, पण तो श्रीराम लागू आणि संध्या यांचा आहे आणि निळूभाऊंचे काम त्यात लहान आहे.

'सामना' हा या संचाचा गाभा. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, आणि १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेसाठी गेलेला हा चित्रपट. हिंदूराव धोंडे पाटील हा सहकारातला सम्राट गावात येऊन पडलेल्या, एकेकाळी स्वातंत्र्यलढ्यात असलेल्या दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आणि तोच मास्तर 'मारुती कांबळेचं काय झालं?' असे विचारत सुटतो. कागदावर हाही ग्रामीण खलनायकच. पण हा प्रश्न कानावर पडताच निळूभाऊंचा चेहरा पाहावा. भुवई उंचावत नाही, आवाज चढत नाही. डोळे तेवढे क्षणभर थांबतात आणि मग पुन्हा यजमानाचा पाहुणचार सुरू होतो. या माणसाला मास्तरची सोबत हवी आहे आणि मास्तरची भीतीही वाटते, हे दोन्ही त्या थांबण्यात आहे. चौकट मोडायला वेगळी भूमिकाच लागते असे नाही, चौकटीच्या आत खोल उतरूनही ती मोडता येते, हे मला येथे दिसले.

आणि मग शेवटच्या तबकडीत दिगू टिपणीस भेटतो. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या 'सिंहासन'मध्ये मुख्यमंत्री अरुण सरनाईक आहेत, त्यांची खुर्ची हलवणारे अर्थमंत्री लागू आहेत, आणि निळूभाऊ आहेत पत्रकार. ज्यांना सगळ्यांनी सत्तेच्या बाजूला पाहिले, ते येथे सत्तेकडे पाहणारे झाले आहेत. भूमिका बहुतांशी ऐकण्याची आहे. दुसरा बोलत असताना मान किंचित कलती करून ऐकणारा हा माणूस सगळे साठवत जातो आणि अखेर त्याच्यातून जे वेडे हसू फुटते, ते ऐकून मी टीव्ही बंद केल्यावरही बराच वेळ बसून होतो. ही भूमिका पाहिल्यावरही आणखी किती निर्मात्यांना ते पत्रकार, शिक्षक, कारकून म्हणून आठवले असतील, हा विचार मनातून जात नाही. रंगभूमीने त्यांना १९७२ साली 'सखाराम बाइंडर' दिला. पडद्याकडून त्या तोडीची कामे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळाली.

आता तांत्रिक बाजू. 'सामना' आणि 'सिंहासन' हे दोन्ही कृष्णधवल चित्रपट आजच्या रुंद टीव्हीत बसावेत म्हणून चौकटीचा वरचा आणि खालचा भाग कापून टाकला आहे. एरवी हे खपून गेले असते, पण ज्या नटाचे सारे काम कपाळ, डोळे आणि हनुवटी यांच्या बारीक हालचालींत आहे, त्याच्या जवळून घेतलेल्या दृश्यांत कपाळच गायब होते. 'सिंहासन'मध्ये असे किमान चार ठिकाणी झाले आहे. ध्वनी 'सामना'चा बरा आहे, 'एक गाव बारा भानगडी'चा मध्ये मध्ये खरखरतो आणि त्यात निळूभाऊंचा घोगरा खर्ज हरवतो. उपशीर्षके कोणत्याही भाषेत नाहीत, म्हणजे अमराठी मित्राला हा संच भेट देता येणार नाही.

घेणाऱ्यांनी माझ्यासारखे पहिल्या तबकडीपासून सुरू करू नये. आधी 'सामना' पाहावा, दुसऱ्याच दिवशी 'सिंहासन' पाहावा, आणि मग झेलेअण्णाकडे वळावे. प्रकाशकांना मी पत्र पाठवले आहे, त्यात दोनच मागण्या आहेत : पुढच्या आवृत्तीत चित्र मूळ चौकटीत द्यावे आणि मुखपृष्ठावर दिगू टिपणीस घ्यावा. उत्तर अजून आलेले नाही.