तिकिटातल्या सहली: कुठे जावं, कुठे सरळ नाही म्हणावं

क्रूझहून परत आल्यापासून भिशीतल्या मैत्रिणी काय नि ह्यांचे बँकेतले मित्र काय, सगळ्यांचा एकच प्रश्न: किनाऱ्यावरच्या सहली तिकिटातच असतात, तर त्या घ्याव्यात की आपलं आपण फिरावं? त्यांतल्या दोघीजणी पुढच्या वर्षीचं बुकिंग करायच्या बेतात आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून लेक-जावयाने ही दहा रात्रींची क्रूझ करून दिली. अथेन्सच्या पिरीयस बंदरातून निघायचं, मग कुसादासी, सांतोरिनी, कातकोलोन, कोटोर, नेपल्स, रोमसाठी चिव्हितावेक्किया, आणि बार्सेलोनाला उतरायचं. माणशी पाच लाखांच्या आसपास, विमानाचं भाडं वेगळं. जहाज लहान, वागणूक उत्तम, जेवणात आम्हां शाकाहाऱ्यांची एकदाही पंचाईत झाली नाही. प्रत्येक बंदरात दोन-तीन सहली तिकिटात धरलेल्या, बाकीच्या जादा पैसे भरून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला त्या एका कंपनीबद्दल सांगायचं नाही. रीजंट सेव्हन सीजकडे बऱ्याचशा सहली तिकिटातच असतात, वायकिंगच्या समुद्रावरच्या जहाजांवर बंदरागणिक एक सहल धरलेली असते. आमची कंपनी या दोन्हींतली नव्हे, पण प्रश्न तिन्हीकडे तोच.

तिकिटातल्या सहलीला सगळे ‘फुकट’ म्हणतात. ती फुकट नसते, पैसे आधीच गेलेले असतात. आणि गेलेले पैसे वसूल करायचे म्हणून माणूस रोज सकाळी साडेसातला छातीवर नंबराचं स्टिकर लावून, सहलीचा नंबर पुकारेपर्यंत जहाजाच्या थिएटरात जाऊन बसतो. पहिले तीन दिवस आम्हीही तेच केलं.

कुसादासीला मी फार आशेने उतरले होते. ३१ वर्षं जालन्याच्या शाळेत इतिहास शिकवला, आणि ग्रीक-रोमन काळातलं एफिसस शहर समोर होतं. बंदरापासून २० किलोमीटरच्या आत. गाइड जाणकार होता, कानात लावायचं यंत्र दिलेलं, त्यामुळे मागे राहिलं तरी शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. बस वरच्या दरवाजाशी सोडते आणि खालच्या दरवाजाशी उचलते, म्हणजे सगळी वाट उताराची. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, त्यांच्यासाठी हे फारच सोयीचं. फक्त संगमरवर गुळगुळीत झालाय, चांगल्या पकडीचे बूटच हवेत. उतारावरून सेल्ससच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत दिसली तेव्हा मला काही बोलायला सुचेना. ती भिंत कोसळलेली होती, १९७० च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी एकेक तुकडा जुळवून ती पुन्हा उभी केली. एफिसस एके काळी मोठं बंदर होतं, पुढे नदीच्या गाळाने भरत गेलं आणि समुद्र काही किलोमीटर लांब गेला. आपल्या सोपाऱ्याचीच गत. वर्गात सोपारा शिकवताना मुलांना हे डोळ्यांसमोर आणून देता येत नसे, ते इथे पायाखाली होतं.

त्या ग्रंथालयासमोरच श्रीमंत रोमनांची उतारावरची घरं आहेत, आत भिंतींवर चित्रं आणि जमिनीवर मोझेइक. त्यांचं तिकीट वेगळं. मी गाइडला विचारलं, माझे पैसे मी भरते, अर्धा तास मिळेल का? तो बिचारा घड्याळ दाखवून म्हणाला, ग्रुप थांबवता येणार नाही. ठीक आहे, म्हटलं पुढे काही महत्त्वाचं असेल. पुढे गालिच्यांचं दुकान होतं! पूर्ण अवशेषांना दीड तास आणि दुकानात ५० मिनिटं.

गालिचा विणणाऱ्या मुलीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. उकळत्या पाण्यातल्या कोषातून रेशमाचा धागा कसा सोडवतात ते तिने दाखवलं, मग मागावर बसून गाठी मारू लागली. दोन उभ्या धाग्यांना वेढा, खाली ओढ, सुरीने कट, पुन्हा वेढा. बोटं दिसतच नव्हती. पैठणला आणि येवल्याला मागावर बसलेल्या बायका मी तासन्‌तास पाहिल्यात, त्यामुळे तिच्या पाठीचं दुखणं मला न सांगता कळलं. पण नंतर दारं लोटून सफरचंदाचा चहा देत एकामागून एक गालिचे उलगडले गेले आणि दर सांगणं सुरू झालं, तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. माझ्या आयुष्यात एफिसस एकदाच येणार होतं. सहलीच्या माहितीपत्रकात शेवटच्या ओळीत ‘पारंपरिक हस्तकलेचं प्रात्यक्षिक’ असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ हा. तुमच्या माहितीपत्रकात तशी ओळ दिसली तर तीच सहल दुकानाशिवाय आहे का, हे जहाजावरच्या सहलींच्या काउंटरवर आदल्या दिवशी विचारा. असते पुष्कळदा, थोडे पैसे भरून. मी विचारलंच नव्हतं.

सांतोरिनीला मात्र तिकिटातली सहल डोळे मिटून घ्यावी. जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीने किनारा गाठावा लागतो. स्वतंत्र जाणारे जुन्या बंदरावर उतरतात आणि तिथून कड्यावरच्या फिरा गावात जायला केबलकारची रांग, नाही तर पाचशेहून जास्त पायऱ्या, नाही तर खेचर. खेचरांची अवस्था पाहून मी तर कुणालाच त्यावर बसा म्हणणार नाही. सहलीवाल्यांना अथिनिओसच्या धक्क्यावर उतरवून बसने थेट वर नेतात, इया गावात फिरवतात आणि फिराला सोडतात. खाली येताना मात्र सगळ्यांना तीच केबलकार, सहा-सहा जणांचे लहान डबे. त्या दिवशी आणखी तीन जहाजं होती, आम्ही सव्वा तास उन्हात उभे राहिलो. ह्यांना एका दुकानदाराने स्टूल आणून दिलं, देव त्याचं भलं करो. कॉफी-बिफीच्या मागे न लागता फिराला पोचल्या-पोचल्या खाली निघालात तर हे टळेल.

कातकोलोन हे स्वतःत बघण्याजोगं बंदर नव्हेच, सगळे येतात ते ऑलिंपियासाठी, प्राचीन ऑलिंपिक स्पर्धा भरायच्या ते ठिकाण. बसने पाऊण तास. इथेही सहलच घ्या. प्राचीन धावपट्टी साधारण १९२ मीटरची आहे आणि हे तिच्यावरून सावकाश चालत गेले, टोकाला पोचल्यावर हात वर केला. तेवढ्यासाठी पूर्ण सहल वसूल.

कोटोरला आम्ही पहिल्यांदा नाही म्हणायला शिकलो. जहाज थेट जुन्या गावाच्या तटासमोर लागतं. रस्ता ओलांडला की दरवाजा. तिकिटातली सहल म्हणजे त्याच गल्ल्यांतून ४० जणांच्या घोळक्यात चालणं. आम्ही नऊ वाजता आपापले उतरलो, हे चौकात मांजरांच्या गराड्यात बसले (मांजरांचं गावच ते), आणि मी तटाच्या पायऱ्या चढायला लागले. किल्ल्यापर्यंत सुमारे १,३५० पायऱ्या आहेत. मी अर्ध्या वाटेवरच्या चर्चपर्यंत गेले, १५१८ सालचं ते. तिथून खाली लाल कौलं, आत घुसलेली खाडी आणि आमचं जहाज. गर्दी वर यायच्या आत परत. खर्च तटाच्या तिकिटाचा तेवढा.

रोमला बंदर शहरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. स्वतः गेलात तर रेल्वेने फार स्वस्तात होतं, पण परतताना गाडी चुकली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. या एका हमीची किंमत अशा लांबच्या बंदरात कळते. आणि एक प्रकार बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: ‘रोम ऑन युवर ओन’. बस शहरात सोडते, ठरल्या वेळी तिथूनच परत आणते, मधले पाच तास तुमचे. आमच्याकडे ती तिकिटातच होती. गाइडवाल्या सहलीत कलोझियम नुसतं बाहेरून होतं, म्हणून आम्ही ही घेतली आणि पँथिऑन या जुन्या रोमन देवळाच्या घुमटाखाली शांतपणे बसलो. ४३ मीटर व्यासाचा घुमट, वर उघडं भोक, त्यातून आलेलं ऊन भिंतीवरून हळूहळू सरकताना पाहिलं.

नेपल्स शेवटी ठेवलं, कारण या सफरीत माझं सगळ्यात जास्त मन तिथे होतं.

नेपल्सच्या तिकिटातल्या सहली दोन: ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पॉम्पेई, आणि बसमधून सोरेंतोचा किनारा. ह्यांनी सोरेंतो घेतली, कारण तिच्यावर चालण्याचं ‘सोपं’ असं चिन्ह होतं आणि ती खरंच सोपी निघाली. मला हवं होतं ते कुठल्याच सहलीत नव्हतं. पॉम्पेईच्या राखेखालून १९३८ साली एक हस्तिदंती मूर्ती निघाली, भारतातून गेलेली. पुढे आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तशाच घडणीच्या मूर्तीचा खालचा भाग सापडला, तेरलाही तशी मूर्ती मिळाली. त्यामुळे पॉम्पेईची ती मूर्ती भोकरदनकडची असावी असं बरेच अभ्यासक मानतात. हे मी दरवर्षी सातवाहनांच्या धड्यात सांगायची. फळ्यावर चित्र काढून. मूर्ती आहे नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात.

धक्क्यापासून म्युनिचिपिओ स्टेशन चालत दहा मिनिटं. मेट्रोच्या एक नंबरच्या लाइनवर तोलेदो, दान्ते आणि तिसरं स्टेशन म्युझेओ, संग्रहालयाच्या दाराशीच. एकटीने गेले. जाताना ह्यांना दोनदा फोन केला, एवढंच.

काचेत ती वीतभराहून थोडी उंच उभी आहे. पोटरीभर तोडे, कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला मेखला, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. मागे जाऊन पाहिलं तर पाठीवर लांब वेणी, आमच्याकडे लग्नात घालतात तशी भरगच्च. डोक्यात वरून खाली भोक पाडलंय, म्हणजे ती कशाचा तरी दांडा किंवा पाया असणार. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखी फुटला त्याआधी कुणीतरी ती पैठण-तेरच्या वाटेने, भडोचच्या बंदरातून इथवर आणली असणार. माझ्या बाजूला एक इटालियन शिक्षिका शाळेची मुलं घेऊन उभी होती. मी तिला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, ही माझ्या जिल्ह्यातली. तिने मुलांना ते इटालियनमध्ये सांगितलं आणि सगळी मुलं मूर्तीकडून माझ्याकडे, माझ्याकडून मूर्तीकडे बघायला लागली.

दीडला जहाजावर परत होते, जहाज सुटायला चार तास होते. ज्यांना पॉम्पेई बघायचंय त्यांनी तिकिटातली सहल जरूर घ्यावी, मला तिच्याबद्दल लोकांकडून चांगलंच ऐकायला मिळालं.

व्हिसाचं एक राहिलं. कुसादासी तुर्कस्तानात आणि कोटोर मॉन्टेनेग्रोत, आणि हे दोन्ही देश शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाहीत, म्हणून असल्या मार्गाला शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे बाहेर जाऊन पुन्हा आत येता येईल असाच घ्या. आणि नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं, जहाज तिथे कोणत्या वारी लागतंय ते बुकिंगच्या आधी बघा.