वडीचे रंग की ट्यूबचे?

सांगलीत आमच्या घरी रविवारी सकाळी पाच-सहा पोरं रंगवायला जमतात. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: जलरंगांच्या वड्यांची पेटी घ्यायची की ट्यूब?

सात-आठ वर्षांपर्यंत मी वड्याच देते. झाकण उघडलं की काम सुरू, सांडलवंड कमी, पेटी पिशवीत टाकून कृष्णेच्या घाटावरही नेता येते. दोन्हींत रंग धरून ठेवतो तो डिंकच, फरक ओलाव्याचा. वडी कोरडी, म्हणून आधी दोन थेंब पाणी टाकून भिजू द्यावी लागते. पोरं कसली थांबतायत! ब्रश घासघासून त्याचे केस विस्कटतात आणि आभाळ फिक्कट येतं.

ट्यूबचा रंग मऊ. आयर्विन पुलामागचं पावसाळी आभाळ एका दमात भरायचं तर ट्यूबच हवी. पाणी किती, रंग किती, हा अंदाजही तिथेच येतो. फक्त लहान हात अख्खी ट्यूब पिळतात. मटाराच्या दाण्याएवढा रंग पुरे. प्लेटवर वाळलेला फेकू नका, पाणी लावलं की पुन्हा चालतो.

एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेची तयारी सुरू झाली की ट्यूबकडे वळा. आणि पैसे मोजकेच असतील तर आधी कागदात घाला. वहीचा पातळ कागद फुगतो, भुगा सुटतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद तग धरतो.