साठ रुपयांचं औषध

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असतो. लग्नाला तेव्हा आठ महिने झालेले. पहिली पाळी सुटली की दाभोळकर कॉर्नरला चहा घ्यायची सवय. तिथं एक कडक इस्त्रीतला माणूस शेजारी येऊन टेकला. ऊस, पाऊस, पेट्रोल असं बोलत बोलत म्हणाला, "भावा, राग मानू नगंस. नवीन लगीन झालंय न्हवं? माझ्या मेव्हण्याचं असंच व्हतं. दोन मिन्टंबी टिकत न्हवता."

मी गप्प बसलो. तिथंच त्यानं ओळखलं.

हायवेकडेला तंबू. आत काचेच्या बरण्या, मुळ्या, तराजू. 'वैद्यजीं'नी नाडी धरली, "नस ढिली पडलीय" म्हणाले. औषध साठ रुपये. साठ रुपयात कोण नाही म्हणतो? एक पोरगं खलबत्त्यात एकेक जिन्नस टाकून कुटायला लागलं. मी मोजत होतो, अकरा झाले. मग पूड तराजूत गेली. "तीनशे चाळीस ग्रॅम. वीस हजार चारशे." साठ रुपये ग्रॅमला होते!

नको म्हटलं, तर "तुमच्या नावानं कुटलंय, आता परत कसं घेणार?" दारात दोघं येऊन उभे राहिले. आणि वैद्यजी अगदी मायेनं म्हणाले, "पैसे कमी आहेत? वडिलांना फोन लावू का?" या एका वाक्यावर मी मोबाईल काढला. नऊ हजार ऑनलाइन, उरलेले एटीएममधनं. एटीएमपर्यंत माझ्याच गाडीवर मागं तो इस्त्रीवाला बसला होता. वाटेत समजूत काढत होता, मेव्हण्यालाबी एवढाच खर्च आला म्हणून.

तीन आठवडे पूड खाल्ली. तोंड लाल व्हायचं, डोकं ठणकायचं. फरक शून्य. शेवटी बायकोला डबा सापडला. ती हसली नाही. "वीस हजार त्याला देऊन आलासा, पण मला एकदा बोलला न्हाईसा," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनंच सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढायला लावला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे पहिल्यापासून आहे की मधेच सुरू झालं?" पहिल्यापासून आणि जवळजवळ दरवेळी मिनिटभरात होत असेल, किंवा आधी ठीक असून नंतर वेळ तीन मिनिटांच्या आत आला असेल, थांबवणं हातात नसेल आणि त्याचा त्रास होत असेल, तर त्याला शीघ्रपतन म्हणतात. 2005 साली पाच देशांतल्या सुमारे 500 जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून वेळ मोजलेला. मधला आकडा आला 5.4 मिनिटं. मी तर अर्ध्या तासाच्या हिशोबात होतो! मोबाईलवर बघून डोक्यात बसलेला हिशोब, दुसरं काय.

'नस ढिली' असला काही आजार नाही. मेंदूतल्या सिरोटोनिन नावाच्या रसायनाचा संबंध असतो, धास्ती असते, कधी थायरॉईड वाढलेला असतो, कधी प्रोस्टेटला सूज, कधी मूळ अडचण ताठरतेची असते. माझा थायरॉईड तपासला, नॉर्मल निघाला. मग थांबून-थांबून करायचा सराव सांगितला, दोघांना समोर बसवून. गरज पडली तर डॅपॉक्सेटिनसारखी गोळी किंवा बधिर करणारं मलम असतं, पण चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. मला चार महिन्यांत बराच फरक पडला, गोळीशिवाय.

पुडीबद्दल डॉक्टर म्हणाले, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण असल्या पुड्यांत गुपचूप सिल्डेनाफिल घातलेलं सापडतं. ते ताठरतेचं औषध. हृदयविकाराची नायट्रेटची गोळी चालू असलेल्यानं खाल्लं तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो.

असल्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, हे मला नंतर कळलं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपायी महिना घालवला, मग तंबू बघायला गेलो. जागेवर चार खुंट्यांची भोकं होती आणि खलबत्त्यातनं उडालेली थोडी पूड.