जुना ब्रायर, कणसाचा पाईप की मीरशम? गोव्यात पाईपकडे परतणाऱ्यांसाठी

बरीच वर्षं तंबाखूचा पाईप सोडलेला माणूस परत वळतो तो बहुधा निवृत्तीच्या आसपास. हाताशी वेळ असतो, सोप्यावर खुर्ची असते आणि कपाटाच्या खणात एक-दोन जुने पाईप पडून असतात. तेच साफ करून घ्यावेत की नवा घ्यावा? नवा घ्यायचा तर कशाचा? आणि त्यात भरायचं काय? थंड, कोरड्या मुलखात याचं उत्तर आवडीवर सोडलं तरी चालतं. आमच्याकडे ते हवेवर ठरतं. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने समुद्राचा दमटपणा. चामड्याच्या पट्ट्यावर जी बुरशी चढते तीच पाईपवरही चढते. म्हणून खाली मी चवीपेक्षा ओलीला जास्त महत्त्व दिलं आहे.

पण त्याआधीचा एक प्रश्न टाळता येणार नाही.

परतावं का?

ज्यांनी सिगारेट सोडायला जिवाचा आटापिटा केला, त्यांनी परतू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाईपचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात फिरवून सोडायचा असतो. सिगारेटची सवय मुरलेला माणूस मात्र तो नकळत आत ओढतो आणि महिन्याभरात जिथे होता तिथेच येऊन बसतो. धूर आत न घेणाराही सुटत नाही. ओठ, तोंड, घसा आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका पाईपनेही वाढतो आणि निकोटीन तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून रक्तात उतरतंच. असद बेग या मुघल दरबाऱ्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरहून तंबाखू नेऊन अकबरापुढे ठेवला, तेव्हा दरबारच्या हकिमाने नाक मुरडलं होतं. हकीम बरोबर होता.

हृदयाचं दुखणं असेल, तोंडात कधी पांढरा चट्टा आला असेल, तर पाईप जमवा, घासा, चमकवा, पण पेटवू नका. जुने पाईप नीट करणं हा स्वतःच एक पूर्ण छंद आहे आणि त्याला काडेपेटी लागत नाही. व्हेपचा पर्याय कोणी सुचवला तर ई-सिगारेटवर देशात २०१९पासून बंदी आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपतो.

एवढं वाचूनही ज्याला अधूनमधून एखादा पाईप ओढायचाच आहे, त्याच्यासाठी पुढचं.

जुना ब्रायर

भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी लाकडाची गाठ येते, तिच्यातून ब्रायर पाईप कोरतात. लाकूड घट्ट असतं, आच सहन करतं, नीट वापरलं तर पिढी उलटते. गोव्यात असे पाईप निघतात ते बहुतेक तारवटींच्या घरात. बोटीवर नोकरी करणारा एखादा काका लंडनहून किंवा रॉटरडॅमहून घेऊन आलेला असतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगात कधी हाती लागला तर नशीब समजायचं.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ब्रायरची तपासणी दांडीपासून करा. जुन्या पाईपची दांडी बहुधा एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. उजेड आणि दमट हवा लागून ती काळ्याची हिरवट-तपकिरी होते आणि तोंडात धरली की गंधकाची कडवट चव येते. घाबरायचं कारण नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर आणा, ४०० नंबरपासून सुरुवात करून २०००पर्यंत चढत जा. पहिल्या घासण्यात पाण्याला चॉकलेटी रंग येतो आणि घाण वास सुटतो. पाणी स्वच्छ निघायला लागलं की खालचं काळं रबर दिसू लागतं. त्यावर खोबरेल तेलाचा हात पुरतो. दांडी अॅक्रिलिकची असेल तर या भानगडी नाहीत. ती हिरवी पडत नाही, फक्त दातांना जरा कडक लागते.

पावसाळ्यात एक निराळीच अडचण येते. लाकूड ओल धरून फुगतं आणि दांडी आत अडकून बसते. पिळून ओढली की आतली खुंटी तुटते आणि पाईप कामातून जातो. अशा वेळी अख्खा पाईप पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. रबर आकसतं आणि दांडी हळूच फिरवली की सुटते. गरम पाईपची दांडी तर कधीच काढू नये, हे जुन्या माणसांना आठवत असेलच.

मग आतला वास. बाउलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, साचलेला कोळशाचा थर नाण्याच्या जाडीइतका, म्हणजे मिलिमीटर-दीड मिलिमीटर ठेवून बाकीचा खरवडून काढायचा. त्याहून जाड झाला तर तापून लाकडाला चीर जाते. उरलेला जुना वास घालवायला बाउलमध्ये जाडं मीठ भरून त्यावर स्पिरिट सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं, अशी पद्धत आहे. आगराचं मीठ आमच्याकडे हवं तेवढं, पण जुलैत ते बरणीतच पाझरत असतं; ते लाकडात घालणं म्हणजे ओल विकत घेणं. त्याऐवजी कापूस वापरावा. बाउलमध्ये कापूस सैल भरा, ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, नळीत एक पाईप क्लीनर घालून ठेवा. सकाळी कापूस काळपट तपकिरी झालेला असेल. तो स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा, मग दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळू द्या. काही जण इथे फेणीची बाटली पुढे करतात. काजू फेणीत अल्कोहोल ४२-४३ टक्क्यांच्या आसपास, बाकी बरंचसं पाणी, आणि वास असा की लाटाकिया हा उग्र तंबाखूसुद्धा हरेल. फेणी ग्लासात बरी.

ब्रायरची खरी अडचण विश्रांतीची आहे. एकदा ओढला की लाकूड वाळायला किमान एक दिवस लागतो, पावसाळ्यात दोन-तीन. एकच ब्रायर असेल तर गोव्याच्या पावसात तो आठवड्यातून दोनदाच निघेल. ज्याला तेवढंच हवंय त्याने नव्याच्या नादाला लागूच नये.

कणसाचा पाईप

अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात १८६९पासून मक्याच्या कणसाचे पाईप बनतात. मिसूरी मीरशम हे कंपनीचं नाव, पण मीरशम दगडाशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरच्या तोंडात फोटोंत दिसतो तो हाच. तिथे साधा पाईप दहा-पंधरा डॉलरला मिळतो, इथे मागवला तर त्याच्यावर बरंच काही चढतं, तरीही चांगल्या ब्रायरच्या मानाने किरकोळ.

परतणाऱ्याला मी आधी हाच सुचवीन. कारण सोपं आहे: परत आल्यावर आपली आवड टिकते की चार दिवसांत ओसरते, हे कळायला महागडा पाईप लागत नाही. कणीस ओल शोषून घेतं, धूर थंड राहतो, पहिल्या दिवसापासून गोड लागतो. नव्या ब्रायरसारखं त्याला कोळशाचा थर जमवून तयार करत बसावं लागत नाही. जुन्या तंबाखूचा वास लाकडात जसा वर्षानुवर्षं राहतो तसा इथे राहिला तर पाईप टाकून द्यायचा, जीव तुटत नाही. बुरशी लागली तरी तेच.

दोष दोन. स्वस्त नमुन्यांत लाकडी नळीचं टोक बाउलच्या तळाशी आत आलेलं असतं. शेवटपर्यंत ओढत राहिलात तर तेच जळतं आणि तोंडात जळक्या लाकडाची चव येते. शेवटचा थर सोडून द्यायचा. दुसरा दोष दिसण्याचा. पाईपच्या ऐटीसाठी परतणाऱ्याला कणीस हातात घेऊन बसायला लाज वाटते. त्याला इलाज नाही.

मीरशम

तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरजवळच्या खाणीतून निघणारा पांढरा, हलका दगड. कोरीव काम देखणं, वापरता वापरता दगडाला मधासारखा पिवळा, मग तपकिरी रंग चढतो. त्याला विश्रांती लागत नाही, म्हणजे एकाच पाईपवर रोज भागतं. गोव्याच्या पावसाळ्यात हा गुण मोठा वाटतो. पण दगड ओला झाला की मऊ पडतो, हातातून निसटून फरशीवर पडला तर दोन तुकडे, आणि घामट हातांनी धरला तर त्याच्यावरचा मेणाचा थर डागाळतो. आमच्या घरांतून मुलं, मांजरं, फरशी आणि घाम या चारही गोष्टी भरपूर. मीरशम घ्यायचाच असेल तर आवड पक्की झाल्यावर, वर्ष-दीड वर्षाने.

भरायचं काय?

इथे जुन्या आठवणींचा फार घोटाळा होतो. माणूस ज्या डब्यासाठी परततो तो डबा आता नसतो. डनहिलचा तंबाखू २०१८मध्ये बंद झाला. अर्ली मॉर्निंग पाईप, नाईटकॅप, माय मिक्स्चर ९६५ हीच नावं आता पीटरसनच्या डब्यावर दिसतात. अमेरिकेतल्या मॅक्लेलंडनेही त्याच वर्षी कारभार गुंडाळला. तेव्हा जुन्या नावामागे धावण्यापेक्षा जात ओळखून घ्यावी.

सुगंधी तंबाखू म्हणजे व्हॅनिला, चेरी, रम वगैरे. घरच्यांना वास आवडतो. शेजारच्या मावशीसुद्धा कुठला अगरबत्तीचा पुडा म्हणून चौकशी करतात. पण या मिश्रणांत पाक आणि ओल धरून ठेवणारं द्रव्य असतं. गोव्याच्या हवेत ते वाळता वाळत नाहीत. बाउलच्या तळाशी पाणी साचून गुडगुडायला लागतं, वाफेने जीभ पोळते. वर्षांनी परतलेल्या माणसाची जीभ आधीच नवखी झालेली असते. बरेच जण इथेच दुसऱ्यांदा पाईप सोडतात आणि दोष पाईपला देतात.

व्हर्जिनिया गोडसर, पिवळ्या पानाचा. साखर भरपूर, म्हणून घाईने ओढला तर चटके बसतात. सावकाश ओढणाऱ्याला याच्यासारखं काही नाही. त्यात लुईझियानातला पेरिक मिसळला, जो पिंपात दाबून आंबवतात, की मिरीसारखा तिखटपणा येतो. व्हर्जिनिया दाबून कापलेल्या वड्यांच्या रूपात मिळतो, कुस्करायला वेळ लागतो, आणि हाताला काम हवं असलेल्यांना तेच आवडतं.

बर्ली साधा, खमंग, गोडवा कमी. निकोटीन जास्त, आणि त्याचा धूर अल्कलीधर्मी असल्याने ते तोंडातूनच भराभर शोषलं जातं. सवय मोडलेल्या माणसाला चक्कर, घाम, मळमळ. पहिले काही दिवस बाउल अर्धाच भरा आणि पोटात काहीतरी घातल्याशिवाय पेटवू नका. चक्कर आलीच तर पाईप बाजूला ठेवून गोड खा.

आणि लाटाकिया. सायप्रसकडचा, धुरावर सुकवलेला काळा तंबाखू. डबा उघडला की चुलीवर टांगून धुरावलेल्या चोरिसांचा, म्हणजे गोव्याच्या सॉसेजचा वास. ज्यांना आवडतो त्यांना दुसरं काही गोड लागत नाही, घरच्यांना एक मिनिटही सहन होत नाही. गोव्यासाठी मी याचीच शिफारस करतो, कारण लाटाकिया घातलेली मिश्रणं सहसा कोरडी असतात, थंड जळतात, सतत पेटवावी लागत नाहीत. सोप्यावर, वारा असेल तिथे बसायचं. चवथीत घरात पाहुणे आणि माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळा-पानांची आरास असते, तेवढे दिवस डबा उघडूच नये.

बाजारातला निपाणीचा तंबाखू भरून बघण्याचा मोह काहींना होतो. तो विडीचा आहे. पाईपमध्ये दोन झुरक्यांत उचकी लागते.

कुठलाही घेतलात तरी भरण्याआधी वाळवा. डब्यातला तंबाखू बहुधा ओढायला हवा त्याहून ओला असतो. चिमूट दाबून सोडली आणि गोळा तसाच राहिला तर ओला. हळूहळू उलगडला तर योग्य. पावसात उघड्यावर ठेवून काही होत नाही, उलट तो हवेतली ओल घेतो. एसीच्या खोलीत कागदावर तासभर पसरा, नाहीतर टेबललॅम्पखाली. भरताना तळाशी सैल, वर किंचित घट्ट. पहिल्यांदा पेटवून विझू द्या, राख हलकेच दाबा, मग पुन्हा पेटवा.

कुठे ओढणार, कुठून आणणार?

घराबाहेरचा विचार सोडा. धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा गोव्याचा कायदा १९९७चा, केंद्राच्या २००३च्या कायद्याच्याही आधीचा. २ ऑक्टोबर २००८पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. तीस किंवा जास्त आसनांच्या उपाहारगृहात वेगळी धूम्रपानाची जागा असू शकते, पण तिथे सिगारेटच्या धुरात पाईप ओढण्यात काय मजा?

आणण्याचा सरळ मार्ग म्हणजे परदेशातून येणारं माणूस. प्रवाशाला करमुक्त तंबाखू १२५ ग्रॅमपर्यंत आणता येतो, म्हणजे ५० ग्रॅमचे दोन डबे आरामात बसतात. घरातलं कोणी आखातात किंवा बोटीवर असेल तर यादी पाठवताना एकाच जातीचे दोन डबे सांगू नका. एक लाटाकियाचं मिश्रण, एक व्हर्जिनिया. आले की पत्र्याचा डबा उघडून तसाच ठेवू नका, इथे पत्रा गंजतो. रबराची कड असलेल्या काचेच्या बरणीत गच्च भरा, नाव आणि तारीख लिहून अंधाऱ्या कपाटात ठेवा. व्हर्जिनिया असा दोन-चार वर्षं राहिला तर सुधारतो. सुगंधी मिश्रण मात्र सुधारत नाही, ते लवकर संपवा किंवा ज्याला आवडतं त्याला देऊन टाका.