नागोयाच्या संग्रहालयातील सी ६२ : नॅरोगेजवरचा वेग

नॅरोगेज म्हटले की आपल्याला नेरळहून माथेरानचा डोंगर चढणारी ६१० मिमी रुळांवरची छोटी गाडी आठवते. त्यामुळे नागोयाच्या एससीमॅग्लेव्ह अँड रेल्वे पार्क या संग्रहालयातील सी ६२ वर्गाचे १७ क्रमांकाचे वाफेचे इंजिन पाहिल्यावर, हेही नॅरोगेजचेच, हे मनाला पटायला थोडा वेळ लागला. जपानच्या जुन्या लोहमार्गांची रुंदी १०६७ मिमी, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा जेमतेम ६७ मिमी जास्त आहे. त्या रुळांवर हे साडेएकवीस मीटर लांबीचे धूड एक्सप्रेस गाड्या ओढत असे.

दुसऱ्या महायुद्धात मालगाड्यांसाठी बांधलेल्या डी ५२ इंजिनांचे बॉयलर वापरून १९४८-४९ मध्ये अशी ४९ इंजिने तयार झाली. रूळ अरुंद असले की रुंद भट्टी चालकचाकांच्या, म्हणजे इंजिन ओढणाऱ्या मोठ्या चाकांच्या, मधे मावत नाही, ती त्यांच्या मागे न्यावी लागते. शिवाय इतक्या जड बॉयलरचा भार रुळांना सोसावा म्हणून मागे एकाऐवजी दोन आस देण्यात आले. हे सारे वाचून माहीत असते, पण इंजिनाच्या बाजूने सावकाश चालत गेले की प्रत्येक भाग तिथेच का आहे, हे आपोआप उलगडत जाते. चालकचाके १७५० मिमी व्यासाची, अगदी पुरुषभर उंच आहेत, आणि कोळसा टाकण्याचे काम यांत्रिक स्टोकर करीत असे.

याच इंजिनाने १५ डिसेंबर १९५४ रोजी ताशी १२९ किमीचा विक्रमी वेग गाठला. माझ्या हिशेबाने त्या वेळी ती चाके सेकंदाला साडेसहा फेरे घेत होती, आणि त्यांना जोडलेले जड दांडे त्याच गतीने पुढेमागे होत होते! शेजारी १९९६ मध्ये ताशी ४४३ किमी गाठणारी ३००एक्स शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) आणि २००३ मध्ये ताशी ५८१ किमी गाठणारी, चुंबकीय बलाने तरंगत धावणारी मॅग्लेव्ह उभी आहे. मंद उजेडातील या दालनाची मांडणी मला फार आवडली, कारण इथे वाफेच्या इंजिनाला जुनी वस्तू म्हणून कोपऱ्यात न ठेवता विक्रमवीरांच्या पंक्तीत मानाने बसवले आहे.

या वर्गाच्या इंजिनातून वाफ निघताना पाहायची असेल, तर क्योतोच्या रेल्वे संग्रहालयात चालू स्थितीत जपलेले २ क्रमांकाचे सी ६२ आहे. त्याच्या धूर वर वळवणाऱ्या पत्र्यांवरचे पाकोळीचे चिन्ह 'त्सुबामे' (म्हणजे पाकोळी) एक्सप्रेसची आठवण देते. तरीही आधी नागोयाला जावे, असे मी सुचवेन. नागोया स्थानकावरून आओनामी मार्गाने शेवटच्या किंजोफुतो स्थानकावर उतरले की संग्रहालय जवळच आहे.