काचेच्या बरणीतला हंसराज: आठ महिन्यांचा अनुभव

सप्टेंबरात चतुर्थी आटपल्यावर फोंड्यातल्या एका नर्सरीतून हा टेरॅरियम आणला, साडेबाराशेला पडला, उभी काचेची बरणी, वर बुचाचं झाकण, आत मॉस आणि मेडनहेअर फर्न म्हणजे आपला हंसराज. सासूबाई म्हणाल्या, अगो बावीच्या चिऱ्यांवर फुकट उगवतो की हा. खरंय, पण बावीवरचा पाऊस सरला की वाळतो, नुसती मुळं तग धरून राहतात. नर्सरीतली जात वेगळी, मूळ दक्षिण अमेरिकेकडची, सांभाळली तर बारा महिने हिरवी राहते, आणि मला तेच हवं होतं.

दुकानवाल्याने सांगितलेलं दर दोन दिवसांनी स्प्रे मारा. कृपा करून असं करू नका!! बरणीला खाली भोक नसतं, पाणी जाणार कुठे, महिन्याभरात तळाच्या खडीत पाणी साचलं, मॉस पिवळं पडलं आणि झाकण उघडलं की गटारासारखा वास. शेवटी फिश टँकची बारीक नळी सिरिंजला लावून अर्धा कप काळपट पाणी ओढून काढलं. बुचालाही बुरशी धरली, आपल्या हवेत ते टिकतच नाही, आता त्याजागी काचेची बशी ठेवते.

दुसरा फटका नोव्हेंबरात बसला. उजेड मिळावा म्हणून पूर्वेच्या खिडकीत ठेवला, सकाळचं कोवळं ऊन तर आहे असं वाटलं, पण बंद काचेत ऊन कोंडतं आणि आत भट्टी होते, चार दिवसांत सगळी पानं कागदासारखी कुरकुरीत. खूप रडू आलं खरं सांगते. सगळ्या दांड्या बुडापासून कापल्या, बरणी आतल्या खोलीत नेली, वर साधा पांढरा एलईडी रोज दहा तास. वीसेक दिवसांनी मातीतून केसाएवढी काळी दांडी आली, टोकाला मुठीसारखं गुंडाळलेलं गुलाबीसर पान, ते उलगडायला पाच दिवस लागले आणि मी रोज उठून आधी तेच बघायचे.

आता मी फक्त काच बघते. सकाळी अर्ध्या काचेवर वाफ आणि अकरापर्यंत निवळली की ठीक. दिवसभर धुकं राहिलं तर बशी दुपारपर्यंत बाजूला. दोन दिवस काच कोरडी दिसली तरच तीन-चार चमचे पाणी, तेही मुळाशी, पानांवर ओतून फायदा नाही, थेंब घरंगळून जातात (हंसराजाचं शास्त्रीय नाव अॅडिअँटम, त्याचा ग्रीक अर्थच न भिजणारा). मार्चपासून आजवर चारदाच पाणी दिलंय, पागोळीचं भरून ठेवलेलं.

अजून एक, पानाच्या कडेला खालून तपकिरी रेघा दिसल्या तर कीड समजून कापू नका, मी दोन चांगल्या फांद्या घालवल्या. ते बीजाणू असतात, पानाचीच कड आत दुमडून त्यांच्यावर पांघरूण घालते, भिंगातून बघा, फार सुंदर दिसतं.

घ्यायचा तर रुंद तोंडाची बरणी घ्या, माझ्यात हात जात नाही, सुकलेलं पान लांब चिमट्याने काढावं लागतं. सध्या चौदा फांद्या आहेत, काचेला टेकतात तिथे काळ्या पडतायत, पहिला पाऊस लागला की मोठ्या बरणीत हलवणार.