‘द पॉवर’: बळ आधी की संघटन आधी?

नेओमी ऑल्डरमन या ब्रिटिश लेखिकेची ‘द पॉवर’ ही कादंबरी २०१६ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला स्त्रियांच्या कथात्म लेखनासाठी दिला जाणारा बेलीज पुरस्कार मिळाला. स्त्रियांच्या दडपणुकीचे भयाण भविष्यचित्र रंगवणाऱ्या कादंबऱ्या इंग्रजीत आता पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकींत बाईचे हक्क एकेक करून काढून घेतले जातात, ती कोंडली जाते आणि वाचक तिच्या सुटकेची वाट पाहत राहतो. ऑल्डरमन यांनी हा क्रम उलटा केला आहे. त्यांच्या कादंबरीत बाईच्या हाती एकाएकी असे बळ येते की रस्त्याने एकटे चालताना पुरुषाला भीती वाटू लागते. नागपुरातल्या आमच्या वाचनगटात ही कादंबरी वाचली गेली, तिच्यावर कडाक्याची चर्चा झाली, आणि या शहरात राहणाऱ्याला ती वाचताना जे प्रश्न पडतात ते इतरत्र कदाचित पडणार नाहीत, अशी माझी खात्री झाली.

कथेची मांडणी अशी आहे. जगभरातल्या किशोरवयीन मुलींना आपल्या बोटांतून विजेचा झटका देता येऊ लागतो. गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळ स्नायूंची एक पट्टी तयार झालेली असते आणि तिच्यात ही वीज साठते. दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव व्हावा म्हणून वापरलेले एक द्रव्य पाण्यात मिसळत गेले आणि त्याचा हा दूरचा परिणाम आहे, असे शास्त्रीय वाटेल इतपत कारण लेखिका देते आणि पुढे सरकते. मुली हे बळ मोठ्या बायकांतही जागे करू शकतात. तिथून एका महाविध्वंसापर्यंतची दहा वर्षे कादंबरी उलटी मोजत जाते, आणि ती चार माणसांच्या नजरेतून दिसतात: लंडनमधल्या गुन्हेगारी घराण्यातली रॉक्सी, अत्याचारातून निसटून धर्मगुरू बनलेली अमेरिकन मुलगी ॲली, अमेरिकेतल्या एका शहराची महापौर मार्गोट आणि लागोसचा तरुण पत्रकार तुंडे.

या चौघांपैकी मार्गोटचे प्रकरण मला सर्वांत भेदक वाटले. ती आपल्या अंगातले बळ लपवून ठेवते, चाचणीतून शिताफीने सुटते आणि गव्हर्नरपदाची निवडणूक लढवते. दूरचित्रवाणीवरच्या वादविवादात प्रतिस्पर्धी तिच्या मुलीवरून तिला डिवचतो, तेव्हा क्षणभर तिचा ताबा सुटतो आणि सगळ्या राज्यादेखत ती त्याला झटका देते. आता हिचे राजकारण संपले, असे सगळे जाणकार म्हणतात, लोकही विचारणाऱ्यांना हे वागणे शोभणारे नव्हते असेच सांगतात, आणि मतदान मात्र तिलाच करतात. लेखिकेने इथे कोणतेही भाष्य केलेले नाही आणि त्याची गरजही नाही. दांडगाईचा निषेध तोंडाने करायचा आणि मत दांडग्यालाच द्यायचे, हे आपण इतक्या निवडणुकांत पाहिले आहे की मार्गोटचा विजय कपोलकल्पित कथेतला वाटतच नाही. फरक एवढाच की या वेळी दांडगाई करणारी बाई आहे, आणि तरीही मतदाराचे गणित तसूभरही बदललेले नाही.

ॲली पुढे ‘मदर ईव्ह’ या नावाने प्रत्येक धर्मातल्या स्त्रीरूपांना, म्हणजे मिरियम, मेरी, फातिमा आणि तारा यांना, पुढे आणते. धर्म उभा करण्यासाठी श्रद्धेइतकेच कसबही कसे लागते, हे या भागात उत्तम दाखवले आहे. रॉक्सीचा भाग वेगवान आहे, पण तिच्या घरातले पुरुष ठोकळेबाज आहेत. तुंडेचे मात्र हळूहळू बदलत जाणे पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला तो जगभर बिनधास्त फिरून बायकांचे उठाव चित्रित करतो. पुढे त्याला अंधारात चालताना मागे वळून पाहावे लागते, आणि शेवटी त्याचे सगळे काम त्याच्या ओळखीची एक स्त्री स्वतःच्या नावावर खपवते. आमच्या गटातल्या दोन पुरुष सदस्यांनी हा भाग वाचताना पहिल्यांदाच अंगावर काटा आल्याचे सांगितले. गटातल्या बायकांना त्यात नवे काहीच नव्हते, आणि हा फरकच लेखिकेला दाखवायचा आहे.

कादंबरीत पुढे पूर्व युरोपातल्या मोल्दोवाच्या भूमीवर बायकांचे एक नवे राज्य स्थापन होते. तिथले कायदे वाचताना मार्गारेट ॲटवुड यांच्या १९८५ सालच्या ‘द हँडमेड्स टेल’ची आठवण अपरिहार्य आहे. त्या कादंबरीतल्या गिलियाद राजवटीत एका दिवसात बायकांची बँकखाती गोठवली जातात आणि पैसा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या ताब्यात जातो. ऑल्डरमन यांच्या राज्यात पुरुषाच्या पारपत्रावर त्याच्या पालक-स्त्रीचे नाव लागते, त्याला गाडी चालवता येत नाही, मत देता येत नाही. इतिहासात कुठे ना कुठे घडून गेलेले नाही असे आपल्या कादंबरीत काहीही घालायचे नाही, हा ॲटवुड यांचा नियम होता. ऑल्डरमन २०१२ साली रोलेक्स कंपनीच्या एका उपक्रमात त्यांच्या मार्गदर्शनाखाली लिहीत होत्या, आणि तो नियम त्यांनी उलट्या दिशेने पाळला आहे. पुरुषांवर लादलेली प्रत्येक गोष्ट बायकांच्या बाबतीत कुठे तरी घडलेली आहे. म्हणून ती वाचताना होणारा संताप वाचकाला स्वतःलाच तपासावा लागतो: हेच बाईच्या बाबतीत वाचले तेव्हा आपण इतके संतापलो होतो का?

तुलनेची ही पद्धत मराठीला मात्र नवी नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, तेव्हा त्यांनीही हेच केले होते. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती पटींनी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यावर इतका गदारोळ झाला की जोतीराव फुल्यांना आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून त्यांची बाजू घ्यावी लागली. विदर्भातल्या वाचकाने ‘द पॉवर’ हाती घेताना या आजीला विसरू नये, असे मला मनापासून वाटते. ताराबाईंच्या हातात कल्पित वीज नव्हती, फक्त लेखणी होती, आणि त्यांचा राग ऑल्डरमन यांच्या रागाहून कणभरही सौम्य नाही.

आता मुख्य मतभेदाकडे येतो. बलवान माणूस दुबळ्यावर अत्याचार का करतो, या प्रश्नाला कादंबरीचे उत्तर एकच आहे: करता येते म्हणून. बळ बाईच्या हाती आले तरी तेच होणार, असे कादंबरी ठामपणे सांगते, आणि शेवटच्या शंभरेक पानांत ते इतक्या क्रूर प्रसंगांतून सांगते की गटातल्या काहींनी पुस्तक मध्येच मिटले. स्त्री स्वभावतः दयाळू असते हा गोड समज मोडून काढल्याबद्दल मी लेखिकेचा आदर करतो. त्या समजाने बायकांना देव्हाऱ्यात बसवून घराबाहेरचे सगळे निर्णय त्यांच्या हातून काढून घेतले आहेत. पण तिचे उत्तर मला अर्धेच पटते, आणि त्याचे कारण नागपुरातच आहे.

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, कस्तुरबानगर वस्तीला दहा वर्षांहून अधिक काळ छळणारा एक गुंड जमावाच्या हातून मारला गेला. बलात्कार, खंडणी, खून अशा आरोपांची त्याच्या नावावर मोठी जंत्री होती. पोलिसांनी वस्तीतल्या काही बायकांना पकडले, तेव्हा बाकीच्या बायका पुढे आल्या आणि आम्हालाही अटक करा म्हणू लागल्या. पुढे २०१४ साली आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली. कोर्टात कोणी काय केले यावर मी काही म्हणणार नाही, आणि न्यायालयाच्या आवारात झालेल्या हत्येचे समर्थनही करणार नाही. पण ‘द पॉवर’ वाचताना आमच्या गटात ही घटना निघाली नसती तरच नवल. गटातल्या एका ज्येष्ठ ताईंचे म्हणणे मला फार मोलाचे वाटले. त्या म्हणाल्या, “त्या बायकांत बळ कुठून आलं हे विचारण्याआधी त्या तक्रार घेऊन किती दारांवर गेल्या होत्या ते विचारा. आणि नंतर त्या वस्तीवर त्या बायकांनी राज्य केलं का, तेही विचारा.”

या दोन्ही प्रश्नांना कादंबरीत जागा नाही. तिच्यातले बळ आपोआप येते, एकेकटीच्या शरीरात येते आणि त्यासाठी कोणाला कोणाशी बांधून घ्यावे लागत नाही. असे आयते पदरात पडलेले बळ माणसाला बिघडवते, हे खरे असेल. पण बायकांनी आजवर जे बळ मिळवले ते असे आयते नव्हते, ते एकमेकींचा हात धरून उभे केलेले होते. याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली आणि हजारो बायका तिला आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समाजाची प्रगती त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असे म्हटले ते तिथेच. परिषदेने काय मागितले? घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना रजा आणि निवृत्तिवेतन. एम्प्रेस मिलच्या या शहरात त्या मागण्या कोणाच्या जगण्यातून आल्या असतील, हे सांगायला नको. यात सूड कुठेही नाही, आणि तरीही हे बळच आहे. ऑल्डरमन यांच्या चारही पात्रांपैकी एकालाही असे काही सुचत नाही, ही मला कादंबरीची सर्वांत मोठी उणीव वाटते.

तिच्याशी जोडलेली दुसरी उणीव अशी की कादंबरीत जगभरच्या सगळ्या बायका एकाच पातळीवरून सुरुवात करतात. आपल्याकडे हे बळ उद्या आले, तर जमीनदाराच्या वाड्यातली बाई आणि तिच्या शेतात निंदायला येणारी बाई यांच्या बोटांत वीज सारखीच असेल, पण ती पहिल्यांदा कोण कोणावर वापरेल? जातीचे आणि मजुरीचे हे प्रश्न लेखिकेला माहीत नसणे समजू शकते, परंतु साऱ्या जगाची गोष्ट सांगण्याचा दावा करणाऱ्या पुस्तकात वर्गभेदही इतका पुसट असावा, हे खटकते.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल मात्र भरभरून सांगावेसे वाटते. कादंबरी दोन लेखकांच्या पत्रव्यवहाराच्या चौकटीत बसवलेली आहे. काही हजार वर्षांनंतरच्या, स्त्रियांच्या वर्चस्वाखालच्या जगात नील नावाचा लेखक आपले हस्तलिखित नेओमी नावाच्या प्रतिष्ठित लेखिकेला पाठवतो, आणि ती त्याला जो सल्ला देते तो वाचून हसूही येते आणि लाजही वाटते. मराठीत ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आले तेव्हा उठलेले वादळ ज्यांना माहीत आहे, त्यांना ही पत्रे विशेष भिडतील. मजकुरामध्ये पुरातत्त्वीय उत्खननातल्या वाटाव्यात अशा वस्तूंची रेखाचित्रे आहेत. त्यांतली दोन मोहेंजोदडोच्या खऱ्या वस्तूंवरून काढलेली आहेत. दाढीवाल्या दगडी पुरुषाला उत्खनन करणाऱ्यांनी ‘पुरोहित राजा’ म्हटले आणि कमरेवर हात ठेवून ताठ उभ्या असलेल्या काशाच्या मुलीला ‘नर्तकी’. ती नाचत होती याचा कोणताही पुरावा नव्हता. कादंबरीत हीच मुलगी ‘पुरोहित राणी’ होते आणि तो पुरुष ‘सेवक’. शालेय पुस्तकात ही दोन्ही चित्रे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत आणि खालची नावे निमूटपणे पाठ केली आहेत. इतके दिवस मनात शंका का आली नाही, हा प्रश्न मला या पुस्तकाने दिला, आणि एवढ्यासाठीही ते विकत घेण्याजोगे आहे.

घ्यायचे असेल तर छापील प्रत घ्यावी. फोनच्या लहान पडद्यावर ही चित्रे घाईत मागे पडतात, आणि त्यांच्यावर रेंगाळल्याशिवाय शेवटच्या पत्रांचा अर्थ पुरता उलगडत नाही. इंग्रजी सोपे आणि बोलीच्या जवळचे आहे, त्यामुळे इंग्रजी वाचनाची फारशी सवय नसलेल्यालाही ते जमेल. २०२३ साली कादंबरीवर मालिका आली, पण ती पुस्तकाला पर्याय ठरत नाही. लैंगिक अत्याचाराची वर्णने उत्तरार्धात वारंवार आणि तपशिलात येतात. शाळकरी मुलींच्या हाती देताना मोठ्या माणसाने ते आधी वाचलेले असावे, आणि ज्यांना असे वाचन त्रासदायक ठरते त्यांनी निःसंकोचपणे पहिल्या अर्ध्यावर थांबावे. पुस्तकातले उत्तम ते बहुतेक त्या अर्ध्यातच आहे.

सोबत बंगाली लेखिका रुकय्या सखावत हुसेन यांची १९०५ सालची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही छोटी कथा जरूर वाचावी. एका बैठकीत संपते. तिच्यातही राज्य बायकांचे आहे आणि पुरुष मर्दान्यात, म्हणजे घरातल्या पडद्याआडच्या भागात, बसलेले आहेत, पण तिथे सत्ता विद्यापीठांतून येते. बायका सूर्याची उष्णता साठवायला शिकतात, त्यावर स्वयंपाक करतात आणि चालून आलेल्या शत्रूच्या सैन्यावर तीच उष्णता रोखून त्याला पळवून लावतात. आमच्या गटाने दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचली, आणि ऑल्डरमन यांच्याशी आमचा वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला तो रुकय्याबाई वाचल्यानंतरच.